टॅलेंट ए, मॅच्युरिटी सी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. बारावी कॉमर्सला आहे आणि नवी मुंबईतल्या एका फुटबॉल अकादमीच्या अठरा वर्षांखालच्या संघात सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळतो. जन्म फेब्रुवारीचा, आठवीतच पावणेसहा फुटांचा झाला होता. तेव्हापासून मैदानावर सगळे त्याला ‘वॉल’ म्हणतात. गेल्या वर्षी राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली, तेव्हा आमच्या नाक्यावर ‘ऐरोलीचा अभिमान’ असा फ्लेक्सही लागला होता.

गेल्या महिन्यात नेरूळला मॅच होती. आमची टीम एक-शून्यने पुढे होती. पहिल्या हाफमध्ये लाइन्समनशी वाद घातला म्हणून त्याला पिवळं कार्ड मिळालं. सत्तराव्या मिनिटाला तो आपल्याच हाफमध्ये समोरच्या फॉरवर्डला ड्रिबल करायला, म्हणजे बॉल पायात खेळवत चकवायला गेला, बॉल गमावला आणि मागून धावत जाऊन त्याची जर्सी ओढली. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. कॅप्टनचा आर्मबँड त्याने तिथेच फेकला. दोन-एकने हरलो. सरांनी कॅप्टनशिप काढून घेतली आणि एका मॅचची बंदी संपल्यावरही त्याला दोन मॅच बेंचवर बसवलं. मी सरांना फोन केला, तर म्हणाले, “त्यालाच विचारा.” ती मॅच बघायला आलेल्या एका स्काउटच्या (क्लबांसाठी नवे खेळाडू हेरणाऱ्याच्या) रिपोर्टमध्ये भावाबद्दल एकच ओळ होती : ‘टॅलेंट ए, मॅच्युरिटी सी.’

आता एक एजंट मागे लागलाय की इथे वेळ घालवू नका, दुसऱ्या राज्यातल्या सीनिअर क्लबशी सही करून टाकू. बाबा कंपनीत शिफ्टला असतात. तरुणपणी ते गावच्या संघातून कबड्डी खेळायचे, कोपऱ्यात. पण “फुटबॉलमधलं मला काही कळत नाही” म्हणून एकाही मॅचला आलेले नाहीत. सगळं मीच बघते. मॅच्युरिटी वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं? अकादमी बदलू का? काउन्सिलरकडे नेऊ का?
– सेंटर बॅकची ताई, ऐरोली

उत्तर : ताई, त्या स्काउटने एक ओळ लिहिली आणि तुमच्या घराची झोप उडवली. मला ती ओळ अर्धवट वाटते. फॉरवर्डबद्दल एक वेळ असं लिहिता येईल. पोरगं डोक्याने कच्चं आहे, पण गोल मारतं. दहा चान्सपैकी नऊ वाया घालवले आणि दहावा आत टाकला तरी लोक त्याला खांद्यावर घेतात. सेंटर बॅकचं तसं नसतं. तो एकोणनव्वद मिनिटं बरोबर असतो आणि एका मिनिटाने मॅच जाते. कधी पुढे जायचं, कधी मागे सरकायचं, कधी काहीच करायचं नाही, हे ठरवणं हेच त्याचं मुख्य काम. ते जमत नसेल तर त्याच्या टॅलेंटलाही ए देता येत नाही. आणि ते जमायला लागलं, की मॅच्युरिटीचा वेगळा रकाना लागत नाही.

त्या मॅचचंच बघू. तुमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सत्तरावं मिनिट असणार. मला पहिल्या हाफमधलं कार्ड जास्त महाग वाटतं. समोरच्यांचं काउंटर, म्हणजे झटपट उलटं आक्रमण निघालंय, आपले मागे फार कोणी नाहीत, अशा वेळी हाफ लाइनपाशीच फाउल करून आक्रमण थांबवायचं आणि गुमान पिवळं कार्ड घ्यायचं, हे बॅकच्या धंद्यातलं एक हत्यार आहे. लहान मुलांना शिकवावं असं नाही, पण सीनिअर फुटबॉलमध्ये दर आठवड्याला दिसतं. तुमच्या भावाने ते हत्यार लाइन्समनला चार शब्द ऐकवण्यात खर्च केलं. पुढचा सगळा वेळ तो एक हात बांधून खेळत होता आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता. पत्ता असता तर सत्तराव्या मिनिटाला, एका गोलने पुढे असताना, शेवटच्या माणसाच्या जागेवर उभं राहून तो ड्रिबलच्या फंदात पडला नसता. बॉल सरळ पाम बीच रोडच्या दिशेने भिरकावून दिला असता. दिसायला कुरूप, पण त्या क्षणी तेच योग्य.

बरं, बॉल गेला. आता काय करायचं? इथे मी त्याला सांगितलं असतं, जाऊ दे त्याला. गोलकीपर आहे, फॉरवर्ड चुकूही शकतो. आणि गोल झालाच असता तरी एक-एक, अकरा जण शाबूत आणि वीस मिनिटं हातात. जर्सी ओढून त्याने काय मिळवलं? एक-शून्य, दहा जण आणि तीच वीस मिनिटं. हा हिशोब धावता धावता करता यायला हवा. कधी कधी गोल खाणं परवडतं, हे ‘वॉल’ म्हणून वाढलेल्या पोराच्या गळी उतरायला वेळ लागतो.

यात शांत स्वभाव, गोड बोलणं, ध्यानधारणा यांचा फारसा संबंध नाही. अनेक मोठे डिफेंडर मैदानावर अत्यंत खडूस असतात.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे येतो. जन्म फेब्रुवारीचा आणि आठवीत पावणेसहा फूट, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम तिथे आहे. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये वय साधारणपणे १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे फेब्रुवारीतला मुलगा आणि त्याच वर्षीचा डिसेंबरातला मुलगा एकाच गटात खेळतात, दोघांमध्ये जवळपास वर्षाचं अंतर असून. त्यात तुमचा भाऊ लवकर वाढला. चौदाव्या वर्षी त्याच्या एका ढांगेत समोरच्याच्या दोन ढांगा बसत असणार. तो उशिरा हलला तरी पोचायचा. चुकीच्या जागी उभा असला तरी हेडर जिंकायचा. आणि पोचतोय म्हटल्यावर ‘तू उशिरा हललास’ हे त्याला कोणी सांगितलंच नाही. टाळ्या वाजल्या, फ्लेक्स लागला. (त्या फ्लेक्सवर खेळाडूपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असणार, ही माझी पैज.)

आता सतराव्या वर्षी बाकीच्यांनी उंची गाठली आहे. तेच उशिरा हलणं आता उघडं पडतंय आणि काल-परवापर्यंत जमत होतं ते आज का जमत नाही, हे त्याला कळत नाहीये. लाइन्समनवरचा राग, तो आर्मबँड फेकणं, यामागे मला माज कमी आणि गोंधळ जास्त दिसतो. त्यात या वयात आवेग आवरणारा मेंदूचा भाग अजून पुरता तयारही झालेला नसतो. ते काम विशीच्या मध्यापर्यंत चालू राहतं.

म्हणून अकादमी बदलू नका. नवीन अकादमीत त्याची उंची बघून त्याला पहिल्याच दिवशी मैदानात उतरवतील आणि जे शिकायची वेळ आत्ता आली आहे ते पुन्हा राहून जाईल. तुमचे सर मला पत्रावरून तरी बरोबर वाटतात. लाल कार्डानंतर बंदी संपताच त्याला आत घेतलं असतं, तर त्यांची पुढची मॅच सोपी गेली असती. तो मोह त्यांनी टाळला. सबंध सीझन कारण न सांगता बसवून ठेवलं, तर मला पुन्हा लिहा.

बाबांबद्दल तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. कोपऱ्यात कबड्डी खेळलेला माणूस घरात असताना तुम्ही सेंटर बॅकसाठी सल्ला बाहेर शोधताय! चढाईपटू आत आला, की नवखा कोपरारक्षक आधी झेप घेतो, हात लावून घेतो आणि बाद होऊन बाहेर बसतो. मुरलेला हलत नाही. तो चढाईपटूच्या डोळ्यांकडे, खांद्यांकडे बघून फसत नाही, पाय बघतो. बोनससाठी पाय आत आला आणि वजन एका पायावर गेलं, की घोटा धरतो. तोही एकटा जात नाही. शेजारचा साखळीत बरोबर येणार याची खात्री असेल तरच. सेंटर बॅकचं काम याहून फार वेगळं नाही. फॉरवर्डच्या अंगचटीला लगेच जायचं नाही, त्याच्या पायातल्या बॉलवर नजर ठेवायची, त्याला थोपवत बाहेरच्या बाजूला न्यायचं, आणि त्याचा टच लांब पडला की मगच पाय घालायचा. शेजारचा सेंटर बॅक मागे कव्हरला आहे का, हे आधी बघून. बाबांना एका मॅचला घेऊन जा. ऑफसाइड समजावत बसू नका. फक्त एवढंच विचारा, “बाबा, हा आधी झेपावतो का हो?” उत्तर तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरोबर येईल. ते उत्तर मुलाला बाबांच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या नको.

तुमचा भाऊ म्हणेल, वयाचं मला सांगू नका, माल्दिनी बघा. बरोबर आहे. इटलीचा डिफेंडर पावलो माल्दिनी जानेवारी १९८५मध्ये सोळाव्या वर्षी मिलान क्लबकडून पहिली लीग मॅच खेळला आणि २००९मध्ये निवृत्त झाला तेव्हा चाळिशीचा होता. पण इतकी वर्षं तो टिकला तो जागा धरण्याच्या कसबावर. योग्य जागी आधीच उभा असलेल्या माणसाला जमिनीवर लोळण घ्यायची वेळ कमी येते. आजच्या पोरांपैकी बार्सिलोनाचा पाउ कुबार्सी घ्या. तोही सोळाव्या वर्षी पहिल्या संघात आला. डोकं चाळिशीचं आहे असं ज्याच्याबद्दल लोक बोलतात, त्या कुबार्सीला ५ मार्च २०२५ रोजी लिस्बनमध्ये बेनफिकाविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत बाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. गोलकडे सुटलेल्या फॉरवर्डला त्याने मागून पाडलं होतं. संघ दहा जणांनिशी एक-शून्यने जिंकला आणि कुबार्सी पुढेही खेळत राहिला. तेव्हा लाल कार्ड मिळालं म्हणून तुमच्या भावाचं काही संपलेलं नाही. तो पुढच्या आठवड्यात काय करतो, यावर सगळं आहे.

आणि उशिरा पिकणाऱ्यांचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. राहुल भेके हा मुंबईचा डिफेंडर. मार्च २०१९मध्ये अंधेरीच्या मैदानावर आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइममध्ये, ११७व्या मिनिटाला, बंगळुरूसाठी एकमेव गोल त्याच्या हेडरने झाला. भारताकडून तो पहिल्यांदा खेळला तो त्यानंतर, जून २०१९मध्ये. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी घाई करणाऱ्या एजंटला हे वय जरूर सांगा.

पण भावाला सांगायची खरी गोष्ट नेरूळचीच आहे. ३० ऑक्टोबर २०२२, डी. वाय. पाटील स्टेडियम, सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल. स्पेन विरुद्ध कोलंबिया, शून्य-शून्य. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाची डिफेंडर आना मारिया गुझमान हिच्याकडून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. स्पेन एक-शून्यने जगज्जेते. गुझमान तेव्हा सतरा वर्षांचीच होती. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये स्वयंगोल, तोही असा, की त्याच गोलने निकाल लागावा. याच्यापुढे तुमच्या भावाची जर्सी ओढणं म्हणजे काहीच नाही. त्यानंतर काही महिन्यांत ती जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबमध्ये होती. ८ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नला सीनिअर वर्ल्ड कपमध्ये कोलंबिया-जमैका सामना झाला, बाद फेरीचा. गुझमानने डावीकडून लांब क्रॉस टाकला, कातालिना उस्मेने तो घेऊन गोल केला. सामना एक-शून्य, आणि कोलंबियाच्या मुली पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत. अशा मोठ्या चुकीनंतर बरेच डिफेंडर बॉल मागायचंच बंद करतात, सोपे पास देऊन लपतात. ही पोरगी नऊ महिन्यांत वर्ल्ड कपच्या बाद फेरीत क्रॉस टाकत होती. फक्त कृपा करून याचं स्टेटस लावायला देऊ नका त्याला. मॅचचे हायलाइट्स शोधून बघायला सांगा.

आता तुमच्याविषयी थोडं बोलू का? रागावू नका. ‘सगळं मीच बघते’ हे तुमचं वाक्य आहे. त्याचे बूट कोण धुतं? प्रॅक्टिसला सकाळी कोण उठवतं? शिनगार्ड राहिले तर रिक्षा करून मैदानावर कोण पोचवतं? तुम्ही असाल तर हे तुमच्या मायेचं आहे, मला कळतं; बाबांना वेळ नाही म्हणून तुम्ही एका पोराला इथवर आणलंत, हे कमी नाही. पण मैदानावर नव्वद मिनिटं दहा जणांना ‘तू इकडे ये, तू मागे जा’ असं सांगायचं ज्याचं काम, त्याच्या आयुष्यातले सगळे फोन ताई करते. सरांचं “त्यालाच विचारा” तुम्हाला तुटक वाटलं असेल. मला ते त्यांचं सगळ्यात चांगलं कोचिंग वाटतं. कारण तुमच्या पत्रात कुठेही असं नाही, की तो स्वतः सरांकडे गेला होता.

त्याला जाऊ द्या. प्रॅक्टिस संपल्यावर, एकट्याने. प्रश्न एकच विचारायचा : “सर, मी पुन्हा टीममध्ये यावं म्हणून तुम्हाला माझ्यात काय दिसायला हवं?” आणि उत्तर मिळेपर्यंत ‘पण सर’ म्हणायचं नाही. लाइन्समनचं तेव्हा चुकलंच होतं, हा विषय तर काढायचाच नाही. कॅप्टनशिप परत मागायची नाही. आपल्या मैदानांवर एक समज पक्का आहे, की कॅप्टनला रेफ्रीशी भांडायचा हक्क असतो. नियमात उलट लिहिलंय : कॅप्टनला कुठलाही खास दर्जा नाही, संघाच्या वागणुकीची जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. २०२४च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, फक्त कॅप्टननेच रेफ्रीशी बोलायचं अशी पद्धत लागू केली, तीही गोंगाट कमी व्हावा म्हणून.

बेंचवर बसल्या बसल्या करण्यासारखं बरंच आहे. टीममधलं कोणीतरी मोबाइलवर मॅच शूट करत असेलच. लाल कार्डाची क्लिप पुन्हा पुन्हा बघू नका, तिच्यात काही शिल्लक नाही. त्याऐवजी त्याच्या एखाद्या जुन्या मॅचमधली अशी दहा मिनिटं काढा, ज्यात बॉल समोरच्या हाफमध्ये आहे. बॉलपासून लांब उभा असलेला तुमचा भाऊ काय करतोय? खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? ज्याच्यावर त्याने नजर ठेवायची तो फॉरवर्ड मागून सरकला, ते त्याला कळलं का? बॉल येण्याआधी बॉल आणि मैदान दोन्ही दिसेल असा तिरका उभा आहे, की बॉलकडे तोंड करून खांबासारखा? हे त्याने स्वतः मोजायचं, स्वतः लिहायचं. पहिल्यांदा मोजेल तेव्हा आकडा बघून तो गप्प बसेल असा माझा अंदाज आहे.

दुसरं म्हणजे आवाज. सेंटर बॅक गप्प असला की समजावं, तो फक्त बॉल बघतोय. ‘मॅन ऑन’ (मागून कोणी येतंय), ‘टाइम आहे’, ‘लाइन चढ’, ‘पीछे देख’, मराठी-हिंदी-इंग्रजी जे तोंडात येईल ते, पण सतत बोललं पाहिजे. दुसऱ्याला जागा सांगायची तर आधी स्वतःला मैदान दिसावं लागतं. आणि चूक झाली की करायच्या गोष्टी आधीच ठरवून ठेवायच्या : बचावफळीच्या लाइनमध्ये परत जायचं, समोरचे किती जण वर आहेत ते मोजायचं, शेजारच्याला नावाने हाक मारायची. इतकंच. लाइन्समनकडे बघायला वेळच उरत नाही. हे प्रॅक्टिस मॅचमध्ये घोटून घोटूनच अंगी बाणतं, भाषणाने नाही.

काउन्सिलरचं विचारलंत. घरीही तो वस्तू फेकत असेल, झोप उडाली असेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, तर जरूर न्या, वाट बघू नका. तसं नसेल आणि क्रीडा मानसशास्त्राचं कोणी मिळत असेल तर तेही चांगलंच. मात्र ‘तू चुकलास म्हणून तुला नेतोय’ असं करून नेऊ नका, नाहीतर तो तिथेही हाताची घडी घालून बसेल.

राहिला एजंट. घाई कोणाला आहे ते आधी ओळखा. ती तुमच्या भावाला नाही. सीनिअर संघात सतरा वर्षांच्या सेंटर बॅकला मिनिटं मिळणं फार अवघड असतं, कारण त्याच्या चुकीची किंमत थेट गोलफलकावर दिसते. तिकडे जाऊन बेंचवरच बसायचं असेल तर इथला बेंच परवडला. निदान रात्री घरी जेवायला येईल आणि फेब्रुवारीत बारावीचे पेपर देईल. एजंटला विचारा, क्लबचे सध्याचे दोन सेंटर बॅक कोण, त्यांचे करार कधी संपतात, ज्युनिअर संघ कुठली स्पर्धा खेळतो, राहण्याची आणि कॉलेजची सोय काय. फिफाच्या लायसन्सचा नंबर मागा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूच्या बाबतीत पालकांची लेखी संमती हवी, त्यामुळे बोलणी बाबांसमोर होऊ द्या. ‘ट्रायल फी’, ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच उठा. अठरा पूर्ण नसताना तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार फिफाच्या नियमात बसत नाही, हेही लक्षात ठेवा. तोंडी काहीच ठरवू नका. कागद घरी आणा, भावाला मोठ्याने वाचायला लावा, आणि एखादं कलम तिघांपैकी एकालाही कळलं नाही तर वकिलाला दाखवा. वकिलाची फी जाईल, तेवढी जाऊ द्या.